तेराशे प्रयोग आणि अर्धा तास

20 ऑक्टोबर 1930. सोमवार, रात्रीची वेळ. न्यूयॉर्कमध्ये एनबीसीच्या मायक्रोफोनसमोर 77 वर्षांचा एक नट आला. नाव विल्यम जिलेट, भूमिका शेरलॉक होम्सची, कथा कॉनन डॉयलची ‘द स्पेकल्ड बँड’. रेडिओरूपांतर एडिथ मायझर या तरुण लेखिकेनं केलं होतं. खर्च जी. वॉशिंग्टन नावाच्या कॉफी कंपनीनं उचलला होता आणि वेळ मिळाली होती फक्त अर्धा तास. हाच होम्स तो 1899 पासून रंगमंचावर करत आला होता. त्या अर्ध्या तासात किती माणसांनी त्याचा आवाज ऐकला असेल, याचा हिशेब मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं.

आधी नाटकाची बाजू घेऊ. 1899 ते 1932 या काळात जिलेटनं होम्सचे साधारण 1300 प्रयोग केले. नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा ठळक छापायची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा लगेच भिडतो. न्यूयॉर्कचं गॅरिक थिएटर छोटं होतं, हजाराच्या आतबाहेर खुर्च्यांचं. लंडनचं लायसियम बरंच मोठं. गावोगावची नाट्यगृहं या दोहोंच्या मधली. आपण हात सैल सोडून प्रत्येक प्रयोगाला 1500 प्रेक्षक धरू आणि प्रत्येक प्रयोग हाउसफुल्ल होता असंही मानू. 1300 गुणिले 1500, म्हणजे साडेएकोणीस लाख. तेहतीस वर्षांची मजल, दोन खंड, रेल्वेचे आणि बोटीचे प्रवास, रोजची रंगभूषा, आणि एवढं सगळं करून एका नटानं एका भूमिकेत गाठलेली माणसं वीस लाखांच्या आत.

आता रेडिओची बाजू. अमेरिकेच्या जनगणनेत 1930 मध्ये पहिल्यांदाच घरात रेडिओ आहे का, असा प्रश्न विचारला गेला. सुमारे एक कोटी वीस लाख घरांनी हो म्हटलं. देशातल्या दर दहा घरांतली चार. दहा वर्षांपूर्वी, 1920 मध्ये, नियमित प्रसारण नुकतं कुठे सुरू होत होतं आणि ऐकणारे होते ते घरी तारा गुंडाळत बसणारे हौशी लोक. त्या एक कोटी वीस लाखांपैकी अगदी विसाव्या हिश्श्यानं त्या सोमवारी जिलेटचा होम्स लावला असं धरू. सहा लाख घरं. एका घरात तीन जण कान देऊन बसले. अठरा लाख! विसावा हिस्सा आणि तीन माणसं हे माझे अंदाज आहेत. ते निम्म्यानं कमी करा, हवं तर दुप्पट करा. तेहतीस वर्षं एका पारड्यात आणि अर्धा तास दुसऱ्या पारड्यात, हे चित्र काही फारसं बदलत नाही.

दुसरा एक हिशेब मला याहून मोहात पाडतो, कारण त्यात अंदाज फारसा नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मोठ्या नाट्यगृहात रंगमंचापासून तीस मीटरवर, वरच्या गॅलरीत बसलेल्या माणसापर्यंत नटाचा शब्द पोचायला सुमारे 87 मिलिसेकंद लागतात. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. न्यूयॉर्कपासून दीडशे किलोमीटरवर हार्टफर्ड आहे, जिलेटचं जन्मगाव. तिथल्या दिवाणखान्यात ती अर्ध्या मिलिसेकंदात पोचते. स्टुडिओपासून प्रक्षेपकापर्यंतची तार आणि रेडिओपासून कानापर्यंतची दोन मीटर हवा धरली, तरी बेरीज दहा मिलिसेकंदांच्या आसपास राहते. म्हणजे त्याच शहरातल्या नाट्यगृहात तिकीट काढून बसलेल्या शेवटच्या प्रेक्षकाच्या कितीतरी आधी, दीडशे किलोमीटरवरची बाई आपल्या खुर्चीत बसून तो शब्द ऐकते.

हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात घडलं. जिलेटचा जन्म 24 जुलै 1853 चा. तेव्हा तारायंत्र जेमतेम नऊ वर्षांचं होतं. टेलिफोन यायला तेवीस वर्षं होती, ध्वनिमुद्रणाला चोवीस, एडिसनच्या दिव्याला सव्वीस. वडील फ्रान्सिस जिलेट अमेरिकेचे सिनेटर होते. हार्टफर्डच्या नूक फार्म वस्तीत शेजारी होते मार्क ट्वेन आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो. 1875 मध्ये ट्वेनच्या शब्दावर त्याला ‘द गिल्डेड एज’ या नाटकात छोटं काम मिळालं. तेव्हा नाट्यगृहं गॅसच्या उजेडात चालत. नट मोठ्यानं बोलत, हातवारे मोठे करत, कारण मागच्या रांगेपर्यंत दुसरं काही पोचतच नसे. जिलेट वेगळा निघाला. तो हळू बोले, थांबे, कमी हलत असे. त्याचा होम्स खुर्चीत नुसता बसून राही आणि प्रेक्षक श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहत.

आवाजाची त्याला विलक्षण ओढ होती. त्याच्या ‘हेल्ड बाय द एनिमी’ या युद्धनाटकात घोडा येतो आणि जातो. त्या काळी विंगेत नारळाच्या करवंट्या फरशीवर आपटून टापा काढत. जिलेटला ते पटेना. घोडा लांबून येतोय, जवळ थांबतोय, पुन्हा भरधाव निघतोय, रस्ता दगडी आहे की मातीचा, हे सगळं कानाला कळलं पाहिजे असा त्याचा आग्रह. त्यानं त्यासाठी वेगळी पद्धत शोधली आणि तिचं चक्क पेटंट घेतलं, 1880 च्या दशकात. रेडिओनाट्याला ज्या कसबाची पुढे सर्वांत जास्त गरज पडणार होती, ते हा माणूस रेडिओच्या कितीतरी आधी विंगेत उभा राहून घडवत होता.

होम्स त्याच्याकडे आला तो मेलेला. डॉयलनं 1893 च्या डिसेंबरात आपल्या नायकाला धबधब्यात लोटून मोकळं करून घेतलं होतं. पुढे पैशाच्या गरजेनं त्यानं एक नाटक लिहिलं, ते निर्माता चार्ल्स फ्रोमनमार्फत जिलेटकडे आलं आणि जिलेटनं ते जवळपास नव्यानं लिहायला घेतलं. होम्सचं लग्न लावलं तर चालेल का, अशी तार त्यानं डॉयलला केली. लग्न लावा, ठार मारा, काय हवं ते करा, अशा अर्थाचं उत्तर आलं. मग 23 नोव्हेंबर 1898 च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोतलं बॉल्डविन हॉटेल जळालं आणि हस्तलिखित त्यात गेलं. जिलेटनं ते पुन्हा लिहून काढलं. 23 ऑक्टोबर 1899 ला बफेलोत पहिला प्रयोग झाला, 6 नोव्हेंबरला गॅरिकमध्ये न्यूयॉर्कचा. जून 1900 पर्यंत तिथे अडीचशेच्या आसपास प्रयोग झाले. सप्टेंबर 1901 पासून लंडनच्या लायसियममध्ये आणखी 216. डॉयलनं 1903 मध्ये होम्सला कथेत पुन्हा जिवंत केलं, तोवर रंगमंचावरचा होम्स चार वर्षं चालता-बोलता होता.

या नाटकातला एक प्रवेश सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टेप्नीची गॅसची कोठडी. होम्सला गुंडांनी कोंडलंय, सोबत नायिका ॲलिस फॉकनर. होम्सच्या तोंडात पेटलेला सिगार. तो अचानक खुर्ची उचलतो आणि दिवा फोडतो. नाट्यगृहात ठार अंधार. दिसतो फक्त एक लाल ठिपका. त्या ठिपक्याच्या मागे जा, असं गुंड ओरडतात, ठिपका खिडकीकडे सरकतो, सगळे तिकडे झेपावतात. कंदील येतो तेव्हा सिगार खिडकीच्या फटीत खोचलेला आहे आणि होम्स नायिकेला घेऊन समोरच्या दारात उभा आहे. हजार-दीड हजार माणसं एका सिगारच्या टोकावर नजर खिळवून बसलेली, आणि ते टोक असेल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. या नाटकात प्रवेश बदलतानाही जिलेट पडदा पाडत नसे, दिवे हळूहळू विझवत असे. अंधार वापरायचं त्याचं कसब बिनतोड होतं.

तेराशे वेळा तो दिवा फुटला. प्रयोग अडीच तासांचा धरला तर 3250 तास होतात. म्हणजे 135 दिवस, अहोरात्र, न झोपता, न जेवता एक माणूस शेरलॉक होम्स होता. संख्येच्या शर्यतीत हा उच्चांक नव्हेच. नाटककार यूजीन ओनीलचे वडील जेम्स ओनील ‘मॉन्टे क्रिस्टो’च्या भूमिकेत सहा हजारांवर वेळा उभे राहिले असं सांगतात, आणि त्या एका भूमिकेनं आपल्यातला नट खाऊन टाकला, ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. तो धोका जिलेटलाही होता. फरक असा की जिलेटनं त्या धोक्याचा नीट विचार केला आणि तो लिहून ठेवला.

1913 मध्ये शिकागोत त्यानं एक भाषण केलं. पुढे ते ‘द इल्यूजन ऑफ द फर्स्ट टाइम इन ॲक्टिंग’ या नावानं छापून आलं. अभिनयावर लिहिलेल्या उत्तमातल्या उत्तम मजकुरात मी ते धरतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. प्रत्यक्षात माणूस बोलतो तेव्हा पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला ठाऊक नसतं. तो शोधतो, अडखळतो, डोळ्यांत आधी विचार येतो आणि मग तोंडात शब्द. नटाला मात्र पुढचाच काय, शेवटचा शब्दही पाठ असतो. दार कधी वाजणार, पिस्तूल कुठल्या खणात आहे, समोरचा काय उत्तर देणार, सगळं ठाऊक. आणि तरी त्याला ते माहीत नसल्यासारखं जगायचं असतं. हे एका वाक्यापुरतं साधून भागत नाही. पात्राच्या खोलीत शिरण्याला, खुर्ची शोधण्याला, पत्र फोडण्याला, सगळ्याला तोच पहिलेपणा लागतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण तो भास सुटला की त्याला लगेच कळतं.

हे सांगणारा माणूस तेव्हा साठीला आला होता आणि होम्सचे शेकडो प्रयोग त्याच्या गाठीशी होते. मोठे आकडे मोजताना आपण गर्दी मोजतो, कमाई मोजतो, अंतर मोजतो. मला या 1300 मधली अवघड गोष्ट वाटते ती ही: त्यातला प्रत्येक प्रयोग कुणासाठी तरी एकमेव होता. ओहायोतल्या एखाद्या गावचा दुकानदार आयुष्यात एकदाच जिलेटला पाहणार. त्याच्या दृष्टीनं हा 704 वा प्रयोग नाही. त्या दुकानदाराला फसवायचं नाही, असा पण जिलेटनं रोज रात्री नव्यानं केला.

म्हणूनच 1930 ची ती रात्र मला जास्त खुणावते. तिथे गणित उलटं झालं होतं. रेडिओवरचा प्रयोग खरोखरच पहिला आणि शेवटचाही. उद्या त्याच गावात तोच खेळ नाही. हातात कागद, समोर प्रेक्षक नाही, शांततेची लांबी ठरवायला मागच्या रांगेतला खोकला नाही की रोखलेला श्वास नाही. आयुष्यभर ज्यानं विराम प्रेक्षकाच्या तोलावर घेतले, त्यानं आता ते अंदाजानं घ्यायचे. शिवाय ज्या नटाचं सगळं सामर्थ्य कमी हलण्यात, डोळ्यांत, हाताच्या एका हालचालीत, त्याच्याकडून डोळे आणि हात दोन्ही काढून घेतलेले. उरला आवाज, तोही 77 वर्षांचा. डॉयल त्याच वर्षी 7 जुलैला गेला होता, या प्रसारणाच्या 105 दिवस आधी. आपला होम्स हवेतून घरोघरी जाताना त्याला ऐकायला मिळाला नाही.

पुढच्या भागांत रिचर्ड गॉर्डन होम्स झाला आणि मालिका चालत राहिली. जिलेटचा वाटा पहिल्या भागापुरता. पण कंपनीला आणि एडिथ मायझरला उद्घाटनासाठी तोच का हवा होता, हे समजायला सोपं आहे. अमेरिकेच्या दोन पिढ्यांच्या मनात होम्सचा चेहरा त्याचाच होता. हरणशिकारीची टोपी कथांचा चित्रकार सिडनी पॅजेट याच्या चित्रांतून आली, पण वाकड्या देठाचा पाइप जिलेटनं आणला. तोंडात धरून बोलता यावं आणि चेहरा झाकला जाऊ नये, हे त्याचं कारण सांगितलं जातं. 1903 पासून ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात फ्रेडरिक डॉर स्टील चित्रं काढू लागला आणि त्यानं होम्सला सरळ जिलेटचेच नाक-डोळे दिले. आज मराठी अनुवादाच्या मुखपृष्ठावर होम्सच्या ओठांत जो वाकडा पाइप दिसतो, तो डॉयलच्या कथेतला नाही, या नटाच्या सोयीतून आलेला आहे.

आणि एक आकडा चार्ली चॅप्लिनचा. होम्सच्या नाटकात बिली नावाचा पोऱ्या आहे. 1903 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर हे काम चॅप्लिनला मिळालं, पगार आठवड्याला अडीच पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे बारा डॉलर. ऑक्टोबर 1905 मध्ये लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात तो खुद्द जिलेटसमोर बिली म्हणून उभा राहिला, वय सोळा. 1916 मध्ये म्युच्युअल कंपनीनं त्याच पोऱ्याशी करार केला तो आठवड्याला दहा हजार डॉलरचा, वर दीड लाख डॉलर बोनस. तेरा वर्षांत आठशेपटीहून जास्त. रंगमंचाकडून पडद्याकडे पैसा कोणत्या वेगानं धावला हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

जिलेटनंही भरपूर कमावलं आणि ते दगडात घातलं. कनेक्टिकट नदीच्या काठी सात टेकड्यांची रांग आहे. तिच्यातल्या शेवटच्या टेकडीवर, ‘सेव्हन्थ सिस्टर’वर, 1914 ते 1919 अशी पाच वर्षं बांधकाम चाललं. खर्च दहा लाख डॉलरच्या घरात. खोल्या 24, दारं 47, आणि प्रत्येक दाराची लाकडी कडी वेगळी, कोरून केलेली. कुठली कशी उघडते हे पाहुण्याला सांगावं लागे. दिव्यांची बटणंही लाकडाची. आरसे असे बसवलेले की वरच्या मजल्यावरून खाली कोण आलंय ते दिसावं, म्हणजे मग खाली केव्हा उतरायचं हे मालकानं ठरवावं. प्रवेशाची वेळ साधण्याचं हे भान घरातही सुटलं नव्हतं. आवारात तीन मैलांची छोटी रेल्वे, एक वाफेचं इंजिन, एक विजेचं, आणि चालक स्वतः जिलेट. अल्बर्ट आइन्स्टाइन आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज हे त्याच्या प्रवाशांत होते. बायको हेलन 1888 मध्ये गेली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. 24 खोल्यांत तो आणि त्याची मांजरं. 1943 मध्ये राज्य सरकारनं ही मालमत्ता घेतली. आज ते सार्वजनिक उद्यान आहे आणि ती 47 दारं कुणालाही पाहता येतात.

नोव्हेंबर 1929 मध्ये, शेअर बाजार कोसळून महिनाही झाला नव्हता, तेव्हा 76 वर्षांचा जिलेट निरोपाच्या दौऱ्यावर निघाला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डपासून सुरुवात. बँका बुडत होत्या, नाट्यगृहं सिनेमाला दिली जात होती, आणि लोक आपल्या मुलांना घेऊन हा होम्स पाहायला येत होते, कारण त्यांच्या आईवडिलांनी त्यांना तो दाखवला होता. रेडिओची ती रात्र याच दौऱ्याच्या काळात येते. दौरा 1932 च्या मार्चपर्यंत लांबला, शेवट डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला. नोव्हेंबर 1935 मध्ये, 82 व्या वर्षी, लक्स रेडिओ थिएटरसाठी त्यानं पुन्हा एकदा होम्स केला, या वेळी स्वतःच्याच नाटकाचं रूपांतर. 1936 मध्ये तो ‘थ्री वाइज फूल्स’ या नाटकात रंगमंचावर होता. 29 एप्रिल 1937 ला हार्टफर्डमध्ये तो गेला. पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंत साठावर वर्षं झाली होती.

तेराशे प्रयोग हवेत विरले, हे नाटकाच्या स्वभावातच आहे. पण एक गोष्ट हाती लागली. शिकागोच्या एसने कंपनीनं 1916 मध्ये या नाटकाचा मूकपट केला होता, दिग्दर्शक आर्थर बर्थलेट, होम्स अर्थातच जिलेट, वय 62. त्याची प्रत कुठेच सापडत नव्हती. 2014 मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक फ्राँसेझच्या संग्रहात ती निघाली, फ्रेंच पाट्यांसह, चार भागांच्या मालिकेत कापलेली. 98 वर्षांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मूकपट महोत्सवाच्या मंडळींनी आणि फ्रेंच संग्रहालयानं ती दुरुस्त केली आणि 2015 मध्ये दाखवली. सुमारे दोन तासांचा हा चित्रपट आज घरबसल्या बघता येतो. जरूर बघा. त्यात आवाज नाही, म्हणजे 1930 च्या रात्री जे होतं ते यात नाही आणि यात जे आहे ते त्या रात्री नव्हतं. आजूबाजूचे बहुतेक नट भुवया आणि हात भरभरून वापरतात. जिलेट सिगार पेटवायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ घेतो, खोलीभर नजर फिरवतो, आणि कुठली वस्तू कामाची आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत खरोखरच माहीत नसतं.